व्हिसासाठी भाषांतर: दाखल्यात आहे तेच लिहा
अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी स्थलांतरित व्हिसा मागताना मराठी कागदपत्रांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर अचूक आहे आणि ते करण्यास आपण सक्षम आहोत, असे निवेदन भाषांतरकाराने सहीनिशी द्यायचे असते.

जन्मदाखल्याचा छापील नमुना अनेकदा मराठी-इंग्रजी असतो. पण नोंदी फक्त मराठीत भरलेल्या असतील तर त्यांचेही भाषांतर करा. शिक्के व हस्तलिखित शेरे वगळू नका.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. १९५६ च्या धर्मांतरानंतरही अनेक शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर जुनीच नोंद राहिली. वडिलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, तर मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असू शकते. भाषांतरात ती नोंद परस्पर बदलू नका. आडनाव बदलले असेल तरी मूळ दाखल्यातले नावच ठेवा आणि बदलाचे राजपत्र सोबत जोडा. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचा ठपका आला, तर व्हिसाची वाट कायमची बंद होऊ शकते.

नोंद चुकीची वाटत असेल तर ती संबंधित कार्यालयातून रीतसर दुरुस्त करून घ्या. तो आपला हक्क आहे; भाषांतरकाराचे ते काम नाही.