जुन्या ट्रकचे कमानपाटे काढले, तर गाडी मागून किती खाली बसते?

टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला आणि १९६९ पर्यंत टिकला. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा असलेले टाटा ट्रक त्या काळातले. असा एखादा म्हातारा ट्रक बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावात शेडमधून बाहेर निघतो, त्याला नवा रंग लागतो आणि मग एकच गोष्ट खटकत राहते. रिकामी गाडी मागून उचललेली दिसते. यावर सल्ला ठरलेला: "दोन पाटे काढून टाका."

गाडी उंच दिसते, कारण मागची कमान कापूस-सोयाबीनचा पूर्ण लोड पेलण्यासाठी बनवलेली असते. लोड नसला की ती दबत नाही.

पाटे काढल्यावर उंची दोन कारणांनी कमी होते. ट्रकमध्ये कमान सहसा एक्सलच्या वर बसते, त्यामुळे काढलेल्या पाट्यांच्या जाडीइतकी गाडी लगेच खाली येते. शिवाय उरलेली कमान मऊ होते. समजा, सारख्या जाडीचे १० पाटे आहेत आणि त्यातले २ काढले. कमानीचा कडकपणा साधारण २० टक्के घटतो. ज्या लोडला ती आधी ८० मिलिमीटर दबत होती, त्याच लोडला आता १०० मिलिमीटर दबेल.

खरी मेख पुढे आहे. तोच लोड आता ८ पाटे उचलतात, म्हणजे प्रत्येक पाट्यावरचा ताण २५ टक्क्यांनी वाढतो. पन्नास-साठ वर्षं वाकून थकलेल्या पोलादाला हा वाढीव ताण खड्ड्यात किंवा घाटात महागात पडतो. मेन पाटा तुटला तर एक्सल जागेवरून सरकतो, आणि भरधाव गाडीत त्याचा अर्थ सांगायला नको. म्हणून मेन पाट्याला आणि त्याच्या लगतच्या दुसऱ्या पाट्याला हात लावायचा नसतो. काढायचेच तर मधले काढतात, दोन्ही बाजूंचे सारखेच. एका बाजूचा पाटा जास्त निघाला की गाडी कलते.

काम जॅकवर सोडून करायचं नाही. चेसिसला भक्कम स्टँड लागतात. सेंटर बोल्ट खोलण्याआधी कमान शिकंजात आवळतात, कारण दाबलेले पाटे झटक्यात उघडतात आणि हाताची बोटं जातात. जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत. थप्पी पातळ झाल्यावर नटला आटे कमी पडतात, तेव्हा जाडीइतकी पट्टी घालतात. थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन किती बदलला, हेही तपासतात.

फक्त देखण्या उंचीसाठी याहून बरा मार्ग म्हणजे कमान मिस्त्रीकडून पाट्यांचा बाक कमी करून घेणं. पाटे तेवढेच राहतात, बसकण खाली येते. ट्रक अजून माल वाहत असेल, तर मात्र दोन्ही उपाय टाळलेले बरे.

कागदाचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांत विंटेज दर्जा वैयक्तिक वापराच्या, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. काढलेले पाटे डावे-उजवे खूण करून, ग्रीस लावून जपून ठेवणारे मालक म्हणूनच शहाणे.