अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया

गळ्यात कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेली, फुलपाखरासारखी दोन खंडांची अवटू ग्रंथी, म्हणजेच बोलण्यातील ‘थायरॉइड’, अंशतः किंवा पूर्णपणे काढण्याची शस्त्रक्रिया. कर्करोग किंवा त्याचा सबळ संशय, श्वास वा घास अडवणारा मोठा गलगंड आणि औषधांना दाद न देणारा ग्रंथीचा अतिस्राव ही तिची मुख्य कारणे होत. या ग्रंथीतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, म्हणून टीएसएच ही रक्तचाचणी, सोनोग्राफी आणि बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी झाल्यावरच निर्णय घेतात. काही गाठींत मात्र सुईने निदान पक्के होत नाही, कारण पेशींनी गाठीचे वेष्टन ओलांडले आहे का, हे गाठ काढून पाहिल्याशिवाय समजत नाही; अशा वेळी एक खंड काढणे हाच शेवटचा पुरावा ठरतो. आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंडाला आळा बसतो, पण आधीच झालेली गाठ त्याने विरघळत नाही.

बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी एके काळी जीवघेणी असलेली ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली, आणि संपूर्ण ग्रंथी गमावलेले रुग्ण पुढे सुस्त, सुजलेले व मंद होत जातात हेही त्यांनी १८८३ मध्ये नोंदवले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना या ग्रंथीवरील कार्याबद्दलच मिळाले. आज ग्रंथीच्या स्रावाची उणीव थायरॉक्सिनची गोळी भरून काढते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना ती आयुष्यभर लागते, एक खंड शिल्लक असलेल्यांपैकी काहींनाच.

ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेला धक्का लागल्यास आवाज बसतो. तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो, कायमचा दोष अनुभवी हातांत शंभरात एखाद-दुसऱ्यालाच राहतो. पहिल्या चोवीस तासांत गळा झपाट्याने सुजून श्वास कोंडू लागणे ही तातडीची आणीबाणी होय. अधिक वेळा आढळणारा त्रास कॅल्शियमचा असतो. अवटूला चिकटलेल्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी दुखावल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि पुढे हातापायांत गोळे येतात.

मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या, सातारा–पंढरपूर रस्त्यावरील म्हसवडसारख्या गावाच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक आहे. सातारा, कऱ्हाड, मिरज किंवा पुणे येथे शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णाचे कॅल्शियम नेमके घरी आल्यावर उतरू शकते, आणि एसटीत अवघडून बसल्याने हात बधिरले, अशी समजूत करून घेतली जाते. म्हणून सुटी मिळण्यापूर्वीच कॅल्शियमच्या गोळ्या, फेरतपासणीची तारीख आणि रात्री-अपरात्री फोन करण्याचा क्रमांक मागून घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतात, चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत तिच्यापासून चार तासांचे अंतर ठेवतात, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या नवरात्रात उपवास धरणाऱ्यांनीही ती चुकवू नये. माणदेशी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या तापलेल्या फडताळात तिचा गुण कमी होतो, तेव्हा ती घरातील थंड, कोरड्या जागी असावी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. दिवस राहिल्यास मात्रा सहसा वाढवावी लागते, त्यामुळे ते डॉक्टरांना लगेच कळवावे. कर्करोगाच्या काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीन देतात. शस्त्रक्रियेचा कागद आणि काढलेल्या गाठीचा पेशी-अहवाल आयुष्यभर जपून ठेवावा.