वर्गणीची पावती आणि मतपत्रिका

कामगार ज्या संघटनेची वर्गणी भरतो, तिच्याच राजकारणाला तो मत देतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मुंबईच्या गिरणगावचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

१९२६ साली ना. म. जोशी यांनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली. तिचा मार्ग अर्जविनंत्यांचा व वाटाघाटींचा. १९२८ च्या संपात सुमारे दीड लाख कामगार कित्येक महिने गिरण्यांबाहेर राहिले आणि लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर ५०,००० च्या वर गेले. हे सारे साम्यवादी झाले होते काय? तसे म्हणवत नाही. पोटावर येणारा पाय अडविण्यास जो उभा राहिला, त्याच्यामागे ते गेले. पण या एकजुटीलाही जातीची वेस होती. विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांस बंद होते, आणि डॉ. आंबेडकरांनी त्यावर नेमके बोट ठेवले. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष साम्यवाद्यांबरोबर उतरला.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेच्या हाती दिला. पुढे तो काँग्रेसच्या छायेतील राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. पण १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, मध्य मुंबईने कॉम्रेड डांगे यांस लोकसभेत पाठविले. वाटाघाटीस एक आणि मतास दुसरा! १९७० साली आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर परळची पोटनिवडणूक झाली. तेथे लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यातून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले.

यास कोणी कामगाराचा चंचलपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. पगार, बदली, बोनस यांसाठी तो संघटनेकडे जाई. भाषा, जात, वस्ती आणि स्वाभिमान यांचा कौल मात्र तो मतपेटीत टाकी. माणूस एकच, पण त्याच्या गरजा दोन ठिकाणी वाटलेल्या.

ही फारकत महाग पडली ती १८ जानेवारी १९८२ नंतर. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे गेले. कायद्याची मान्यता मात्र संघाकडेच राहिली. १९८४ साली काँग्रेसच्या लाटेतही कामगारांनी डॉक्टरांस लोकसभेत धाडले. पण संप तडजोडीविना विरून गेला आणि हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली. मत देण्याचा हक्क त्यांस होता. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ठरविण्याचा नव्हता. लोकशाही गिरणीच्या दारापर्यंत आली आणि तेथेच थबकली.