लोकरी मावा आणि त्याचा वैरी

सन २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली, पिंजलेला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर दिसू लागला. हाच लोकरी मावा. बघता बघता तो महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. कीड देशाला नवी नव्हती. १९५८ सालीच बंगालमध्ये तिची नोंद झाली होती. पुढे आसाम, नागालँडकडेही ती आढळली. पण तिकडे तिच्या जोडीला तिचा वैरीही नांदत होता. इकडे येताना मावा तेवढा आला, वैरी मागे राहिला!

हा वैरी म्हणजे एन्कार्सिया, गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातली एक माशी. आकाराने तिळाहूनही लहान. माणसाला तिचा काही उपद्रव नाही.

आता दोघांची रीत पाहा. मावा पानाच्या मागे बसून रस शोषतो. त्याचा चिकट पाझर खालच्या पानांवर पडतो, त्यावर काजळी धरते आणि साखरेचा उतारा घटतो. माव्याची मादी नराशिवायच जिवंत पिल्ले देते. मग वाढीला काय तोटा? एन्कार्सियाची मादी माव्याच्याच अंगात अंडे घालते. आतली अळी त्याला आतून खाऊन संपवते आणि माशी होऊन भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे एकाचे अन्न ऊस, तर दुसरीचे अन्न तो ऊस खाणारा!

पहिल्या धांदलीत लोकांचा हात पंपाकडे गेला. पण उंच वाढलेल्या उसात शिरून फवारणार कसे? शिवाय औषधाला वैरी आणि मित्र यांतला फरक कळत नाही. इथल्या शेतातच माव्यावर जगणारी डिफाची अळी आणि मायक्रोमस होते, तेही मरायचे. पुढे शास्त्रज्ञांनी आसामकडून एन्कार्सिया आणून उसात सोडली. ती इथे रुजली आणि माव्याचा जोर ओसरला.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा-मांजराकाठी ऊस होतो, आणि टंचाईच्या साली उसाचे वाढे गावोगाव वैरणीला जातात. किडलेल्या वाढ्यांबरोबर मावाही प्रवास करतो, हे ध्यानात असू द्या. पानावर पांढरे दिसले, तर पंप उचलण्याआधी पान उलटून नीट पाहा. तिथे अळ्या असतील, भोके पडलेला मावा असेल, तर आपली राखण आधीच सुरू झाली आहे. तिच्यावर विष ओतू नका.