तांब्याची नळजोडणी, मुंबईतील

पाणी किंवा वायू वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळाची दिशा दोन प्रकारे बदलता येते : नळ वाकवून, अथवा तो कापून त्या जागी डाखकामाने जोडतुकडा (एल्बो) बसवून. वाकविलेल्या नळात सांधा नसतो; जोडतुकड्याच्या प्रत्येक वळणावर दोन सांधे येतात. मुंबईच्या नळकामाच्या इतिहासात या सांध्यांना केवळ कारागिरीचे नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचेही महत्त्व आहे.

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आले. तत्पूर्वी शहर विहिरी व तळी यांवर अवलंबून होते. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या तलावांची भर पडली. रस्त्याखालील मुख्य नळ बिडाचे असून त्यांचे सांधे ताग ठासून व वितळलेले शिसे ओतून भरीत. इमारतींमध्ये जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ रूढ झाले. असा नळ वाकविल्यास मुलामा तडकतो. म्हणून प्रत्येक वळणावर नळ कापून, आटे पाडून, सूत व सफेदा लावून जोडतुकडा आवळण्याची पद्धत पडली. आटे पाडताना नळाची भिंत पातळ होते व तेथील जस्तही निघून जाते. त्यामुळे गंज प्रथम सांध्यावरच चढतो.

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील चाळींत या दोषाचे परिणाम अधिक गंभीर होते. पाणी ठराविक तासच येत असे आणि पाण्याचे व मलनिःसारणाचे नळ अनेक ठिकाणी घरगल्लीतून शेजारीशेजारी जात. नळात दाब असेपर्यंत सैल सांध्यातून पाणी बाहेर गळते. पुरवठा बंद झाल्यावर मात्र नळातील दाब कमी होतो आणि भोवतालचे दूषित पाणी त्याच फटीतून आत शिरू शकते. यामुळे सांध्यांची संख्या व जागा यांवर बिऱ्हाडांचे आरोग्य अवलंबून राहिले.

तांब्याचे काम मुंबईस अपरिचित नव्हते. पायधुणीजवळील तांबा काटा हे स्थलनाम या धातूच्या व्यापाराचे निदर्शक आहे. चाळींतील बिऱ्हाडांत पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे. तांबे ठोकल्याने कठीण होते आणि लालसर होईपर्यंत तापविल्यास पुन्हा मऊ पडते, हे तांबटांना अनुभवाने माहीत होते. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील पसरविणारा कल्हईवाला डाखकामामागील तत्त्वच वापरीत असे : नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ होतो व वितळलेले कथील तांब्याला धरते. तथापि तांबे महाग असल्यामुळे चाळींतील पाण्याचे नळ लोखंडाचेच राहिले.

नळ वाकविण्यासाठी तो मऊ असावा लागतो. कठीण नळाचे वाकाच्या जागी प्रथम अनुशीतन करतात, म्हणजे तो तापवून मऊ करतात. वाकविताना बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतली बाजू दबते आणि नळ चपटा होण्याची भीती असते. ती टाळण्यासाठी नळात पोलादी स्प्रिंग घालतात, कोरडी वाळू ठासून भरतात किंवा वाक-यंत्र वापरतात. वाकाची त्रिज्या साधारणतः नळाच्या बाहेरील व्यासाच्या तीन ते चार पट ठेवतात. अशा वाकात प्रवाहाला अडथळाही कमी होतो. परंतु त्याला जागा लागते, माप चुकल्यास संपूर्ण तुकडा वाया जातो आणि मोठ्या व्यासाचे नळ हाताने वाकविता येत नाहीत.

जोडतुकड्याच्या पद्धतीत नळाचे टोक घासून स्वच्छ करतात, त्यास अभिवाह लावतात व ते जोडतुकड्यात सरकवून ज्योतीने तापवितात. नळ व जोडतुकडा यांमधील अत्यंत अरुंद फटीत वितळलेला डाख केशाकर्षणाने ओढला जातो. ४५०° से. पेक्षा कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू वापरल्यास त्यास डाखकाम आणि त्याहून अधिक तापमानाच्या जोडणीस झाळकाम म्हणतात. जोडतुकडा भिंतीच्या कोपऱ्यात चपखल बसतो. चाळीतील अरुंद मोरीत हा मोठाच लाभ होय. परंतु घासणे अपुरे झाल्यास किंवा उष्णता असमान लागल्यास सांधा बाहेरून पूर्ण दिसूनही आत पोकळ राहतो. जुन्या डाखात कथिलाबरोबर शिसे असे. शिसे विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी आता कथील-तांबे किंवा कथील-चांदी यांचा शिसेविरहित डाख वापरतात.

गळती मुळीच चालत नाही अशा कामांत तांब्याने आपले स्थान मिळविले. वातानुकूलन यंत्रांच्या जोडणीत मऊ नळ जागेवरच वाकवितात. रुग्णालयांतील प्राणवायूच्या मध्यवर्ती पुरवठ्यासाठी तांब्याचे नळ झाळकामाने जोडतात व जोडताना आतून निष्क्रिय वायू सोडतात, म्हणजे नळात काजळीसारखे ऑक्साइड धरत नाही. के. ई. एम. (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) यांसारखी रुग्णालये असलेल्या परळ भागात या कामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. लालबागला एकेकाळी कोळशापासून वायू तयार करण्याचा कारखाना होता. तेथील गॅस कंपनी लेन हे नाव त्याची आठवण देते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने नैसर्गिक वायू नळाने घरोघरी पोहोचविला. अशा जोडण्यांत स्वयंपाकघरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात तांब्याचा नळही वापरला जातो.

पाण्यासाठी लोखंडी नळांची जागा आता बव्हंशी प्लॅस्टिकच्या नळांनी घेतली असून त्यांतही वळणावर जोडतुकडेच चिकटवितात. नळ कोणत्याही धातूचा वा द्रव्याचा असो, जेथे वाकविणे शक्य आहे तेथे सांधा टाळावा, आणि जेथे सांधा अटळ आहे तेथे तो भिंतीत न गाडता हात व दृष्टी पोहोचेल असा उघडा ठेवावा, हा नियम मुंबईच्या चाळींच्या शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाशी सुसंगत आहे.