नकलेची प्रतिष्ठा

ज्या नगरीची सर्वांत नामांकित इमारत दुसऱ्या एका इमारतीची नक्कल म्हणूनच ओळखली जाते, त्या नगरीत तरी जुने लाकडी सामान घ्यावे की जुन्या वळणाचे नवे, हा प्रश्न अन्यत्रापेक्षा अधिक विवेकाने सुटावा, अशी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये. मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि आज तेच छत्रपती संभाजीनगर आहे. परंतु अस्सल आणि नक्कल यांच्या नात्याचा जो धडा या शहराने देऊन ठेवला आहे, तो नामांतरांनी पुसला गेलेला नाही.

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये निवर्तली आणि तिच्या स्मरणार्थ १६६०-६१ च्या सुमारास बीबी का मकबरा उभा राहिला. त्याचा स्थपती अताउल्ला हा ताजमहालाच्या स्थपतीचा, उस्ताद अहमद लाहोरीचा, पुत्र. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेले सुमारे तीनशे गाडे वाटेत पाहिल्याची नोंद तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने केली आहे खरी. तथापि जुन्या तारीखनाम्यात खर्चाचा आकडा सापडतो तो ६,६८,२०३ रुपयांचाच, आणि ताजच्या कोट्यवधींपुढे त्याची मातबरी ती काय! म्हणून संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता राहिला व मधल्या काळ्या पाषाणावर गुळगुळीत गिलावा चढला. मात्र अताउल्लाचे आणि अभियंता हंसपतरायाचे नाव प्रवेशद्वारावर कोरलेले आहे, आणि आपले नाव घालून उभी राहणारी नक्कल ही लबाडी नसते.

हाच न्याय येथील हिमरू कापडाला लागू पडतो. सोन्याचांदीच्या जरीने विणलेला किमखाब अमीर-उमरावांनाच परवडे. तेव्हा सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून त्याच वळणाची वेलबुट्टी साधणारे कापड विणकरांनी काढले. ते किमखाबाचे अनुकरण होते, पण किमखाब म्हणून विकले गेले नाही. आणि म्हणूनच कालांतराने त्याला स्वतःचे कूळ प्राप्त झाले. आज यंत्रमागावरील कापड हिमरूच्या नावाने बाजारात येते, तेव्हा एके काळच्या या नकलेलाच अस्सलपणाचा दाखला मागण्याची पाळी आली आहे.

आता लाकडी सामानाकडे वळावे. मोडलेल्या वाड्यांतून निघालेली सागवानी कपाटे, पेटारे आणि कोरीव दारे यांची पारख नक्षीवरून करू नये, कारण नक्षी सर्वांत आधी उतरवली जाते; ती वस्तूची पाठ, तळ आणि खणाच्या आतील बाजू पाहून करावी. हातरंध्याच्या किंचित असमान खुणा, साल-कुसवाचे सांधे, जेथे हात नित्य पडतो तेथेच आलेली झीज, ही जुन्याची लक्षणे. तर सर्वत्र सारखाच काळसरपणा, यंत्रकरवतीचे गोलाकार ओरखडे आणि प्लायवूडवर चिकटविलेला सागाचा पातळ पापुद्रा ही नव्याची. कायद्यानेही याबाबत मर्यादा आखली आहे : १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी कारागिरीची वस्तू, तसेच इमारतीपासून सुटा केलेला तितकाच जुना भाग, पुरावशेषात मोडतो, त्याच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी निर्यातीस मनाई आहे.

तेव्हा ज्याला काळाचा सहवास हवा, त्याने सैल सांधे आणि जुन्या दुरुस्त्या पत्करून अस्सल वस्तू घ्यावी; ज्याला रोजच्या वापराचे पलंग-मेज हवे, त्याने चांगल्या सुताराकडून जुन्या घाटाचे नवे करवून घेण्यात कमीपणा मानू नये. पहिल्यात आपण वयाचे मोल देतो, दुसऱ्यात कसबाचे. आणि दोन्ही व्यवहार सारखेच सचोटीचे आहेत. नव्या लाकडावर धूर आणि रसायने चढवून जो त्याचे खोटे वय सांगतो, तो मात्र ग्राहकाला तर फसवतोच, पण ज्याच्या हाताने ते काम घडले त्या जिवंत कारागिराचे श्रेयही कुणा अज्ञात मृताच्या खाती जमा करतो.