अंधाऱ्या खोलीतली मोजणी

माधवनगरात कुणाचा खोकला लांबला की पूर्वी घरच्यांना एकच शंका यायची, आणि ती कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. माणूस कॉटन मिलमधला असला तर ‘कापसाची धूळ बसलीय छातीत’ म्हणून काही दिवस निभायचे. पुढं वानलेसवाडी. विल्यम वानलेस या कॅनेडियन डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं आणि त्यांच्या नावाचं क्षयाचं सॅनेटोरियम सांगली-मिरजेच्या मधे उभं राहिलं. त्यामुळं छातीचा आजार म्हणजे टीबी, हे आमच्या भागात पक्कं बसलं. फुप्फुसाचा कॅन्सर त्याच्याआड दडायचा. एक्स-रेत डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू. डाग हटेना तेव्हा कुठं सुईनं तुकडा काढायची गोष्ट निघायची. आजही हे घडतं.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन. तुकडे मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर काप काढायचे, रंगवायचे, यातच नोकरी गेली. जीनच्या शोधांबद्दल बोलताना लोक शास्त्रज्ञांची नावं घेतात, घ्यावीतच. मला मात्र त्या इतिहासात अंधाऱ्या खोलीत बसून ठिपके मोजणारी माणसं आधी दिसतात.

ही खोली टीबीनंच आम्हाला दिली. थुंकीची स्लाइड ऑरामिननं रंगवली आणि फ्लुओरेसेंट मायक्रोस्कोपखाली धरली, की काळ्या पडद्यावर जंतू पिवळे चमकतात. साध्या लाल रंगाच्या तपासणीपेक्षा कमी भिंगात, म्हणजे कमी वेळात, जास्त जागा पाहून होते. पाऱ्याचा दिवा मात्र नखरेल: तापायला वेळ, गार झाल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही, आणि दोनशेएक तासांत संपला. एलईडी आले तेव्हा ही कटकट मिटली.

जीन दाखवणारी चमक वेगळ्या वाटेनं आली. १९६९ साली अमेरिकेत जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी बेडकाच्या पेशीत विशिष्ट जीन नेमका कुठं आहे ते दाखवलं, पण किरणोत्सर्गी खूण वापरून. फिल्मवर डाग उमटेपर्यंत थांबून राहायचं. १९८०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटानं खुणेला चमकणारा रंग जोडला, आणि १९८६पर्यंत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत डॅन पिंकेल आणि ज्यो ग्रे माणसाची क्रोमोसोम अशी रंगवत होते. हीच ‘फिश’. त्याआधी १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं होतं, की रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये दोन क्रोमोसोमचे तुकडे आपापसात बदललेले असतात. अशी अदलाबदल रक्तात आणि लिम्फच्या गाठींत असते, फुप्फुसासारख्या घट्ट अवयवात तिचं काही काम नाही, अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

फुप्फुसाबाबत ती २००७ साली मोडली. जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाला फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दोन नंबरच्या क्रोमोसोमचा एक भाग उलटा बसलेला सापडला. त्यामुळं ईएमएल४ आणि एएलके हे एरवी लांब असलेले जीन एकमेकांना चिकटतात, आणि पेशीला वाढत राहण्याचा हुकूम मिळतो. एएलके हे नावच १९९४ साली लिम्फच्या एका कॅन्सरमधून आलं होतं. ज्या रुग्णाच्या गाठीतून मानोंना हा जोड मिळाला तो सिगारेट ओढणारा होता. नंतर मात्र दिसलं, की हा जोड जास्त करून कमी वयाच्या, तंबाखू न ओढणाऱ्यांत सापडतो.

आमच्याकडं या गोष्टीला वजन आहे. निपाणीची तंबाखू जवळ, बिड्या ओढणारे घरोघरी. छातीचा कॅन्सर म्हटला की शेजारपाजार आधी विचारणार, ‘ओढत होता का?’ एक मुलगा रिपोर्ट घ्यायला आला आणि म्हणाला, “ताई, आमच्या आईनं कधी तपकीरसुद्धा घेतली नाही हो.” त्याला माझ्याकडं उत्तर होतं, औषधाचं नावही होतं. पण तुकड्याचा मेणातला ब्लॉक मुंबईला पाठवून रिपोर्ट येईतो घरच्यांनी तग धरायला हवा.

मुंबईत या कामाचं मूळ जुनं आहे. १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल उघडलं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा वसंत खानोलकरांनी उभी केली. पुढं त्यांच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पेशी वाढवायची प्रयोगशाळा बसवली.

आता मोजणी. एएलके जीनच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा प्रोब, म्हणजे चमकणारी खूण, बसवतात. जीन धड असेल तर दोन्ही ठिपके चिकटून, कधी पिवळे दिसतात. तुटला असेल तर लाल-हिरवे फाकतात, किंवा नुसता लाल उरतो. दोन ठिपक्यांच्या मधे ठिपक्याच्या व्यासाच्या दुप्पट अंतर असेल तरच फाकले म्हणायचं. पन्नास पेशी पाहायच्या. पाचपेक्षा कमी तुटक्या असल्या तर निगेटिव्ह, पंचवीसच्या वर गेल्या तर पॉझिटिव्ह. मधे अडकलं तर दुसऱ्यानं आणखी पन्नास पाहायच्या आणि शंभरांत पंधरा भरल्या की पॉझिटिव्ह. हे नियम २०११ साली अमेरिकेत क्रिझोटिनिब औषधाबरोबरच मंजूर झालेल्या किटचे. शोधापासून औषधापर्यंत चार वर्षं. एवढा वेग शक्य झाला कारण ते औषध दुसऱ्याच कामासाठी आधीच तयार होत होतं.

पंधरा टक्क्यांची मेख मला चांगली ठाऊक आहे. आमचा काप चार-पाच मायक्रॉनचा. पेशीचं केंद्रक त्याहून मोठं. सुरी फिरली की काही ठिपके शेजारच्या कापात जातात. शिवाय तुकडा फॉर्मलिनमध्ये पडायला उशीर झाला, चार-चार दिवस तसाच राहिला, किंवा हाड मऊ करायला ॲसिड वापरलं, तर डीएनए कुजतो आणि स्लाइडवर नुसता अंधार. त्या तपासणीचा पैसा घरच्यांच्या खिशातला असतो.

पुढं २०१५मध्ये अमेरिकेत एएलकेसाठी डी५एफ३ ही अँटीबॉडीची तपासणी मान्य झाली. ती साध्या मायक्रोस्कोपवर तपकिरी रंगात दिसते, स्वस्त पडते आणि लवकर होते. एकाच वेळी अनेक जीन वाचणारी यंत्रंही आली. आरओएस१ या दुसऱ्या जीनच्या जोडासाठी मात्र अँटीबॉडी उमटली तरी तेवढ्यावर विसंबत नाहीत. खात्रीला बहुतेक वेळा फिशच. तेव्हा दिवे घालवून पेशी मोजायला कुणीतरी अजून बसतंच.